ल्यूबेकचं मारिएनकिर्खे: आधी विटा बघा, सैतान नंतर

जर्मनीतल्या ल्यूबेकच्या स्टेशनातून बाहेर पडलं की जोडमनोऱ्यांची दोन चर्च दिसतात आणि नवखे हमखास चुकीच्या चर्चकडे वळतात. दक्षिण टोकाचं ते बिशपचं कॅथेड्रल. मारिएनकिर्खे टाउनहॉलला खेटून आहे. होल्स्टन वेशीतून साधारण पंधरा मिनिटांची चाल. हे व्यापाऱ्यांच्या नगरसभेचं चर्च. आपलं चर्च बिशपच्या वरताण हवं, ही ईर्ष्या त्यांनी साधारण १२५० ते १३५० अशी शंभर वर्षं पुरवली. १५३१ च्या सुमारास शहर लुथरन (प्रोटेस्टंट) झालं आणि चर्चही.

इथली खरी करामत विटांची. आराखडा फ्रान्समधल्या दगडी कॅथेड्रलांचा, पण या किनारपट्टीवर घडवण्याजोगा दगडच नाही. मग खांब, कमानी, इतकंच काय, भिंतींना बाहेरून टेकू देणाऱ्या तिरप्या कमानीही विटांच्याच. विटेत दगडासारखं बारीक कोरीवकाम साधत नाही, म्हणून सगळा जोर उंचीवर. मधल्या दालनाचं छत ३८.५ मीटर उंच आहे. विटांच्या कमानदार छतांत जगात सर्वांत उंच. बाजूच्या दालनांची उंची जेमतेम याच्या निम्मी, तेव्हा आधी तिथे थांबा आणि मग मधे या. मान आपोआप वर जाते. मनोरे सुमारे १२५ मीटर. चौकातून फोटो काढू नका, टाउनहॉल आडवा येतो. जवळच्या पेट्रीकिर्खेच्या मनोऱ्यावर लिफ्ट आहे, तिथून पूर्ण चर्च दिसतं.

दक्षिण मनोऱ्याखालच्या कोपऱ्याला मात्र घाई नको. २८ मार्च १९४२ च्या रात्री, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या तोंडावर, ब्रिटिश बॉम्बहल्ल्यात चर्च पेटलं. घंटा वरून कोसळल्या, फरशीत रुतल्या आणि तशाच ठेवल्या. मोठी १६६८ ची, सुमारे सात टनांची. फुटलेल्या कडा, चुरा झालेली फरशी, सगळं जागच्या जागी. युद्धस्मारक म्हणून बांधलेल्या कित्येक वास्तूंपेक्षा हे जास्त बोलतं.

त्याच आगीत भिंतींचा चुना उडाला आणि खालची मध्ययुगीन चित्रं उघडी पडली. पुढे दुरुस्तीच्या नावाखाली लोथार माल्स्काट या चित्रकाराने गर्भगृहाच्या भिंतींवर स्वतःचीच चित्रं रंगवली. १९५१ मध्ये त्यांचं टपाल तिकीटही निघालं! पुढच्याच वर्षी त्याने स्वतः कबुली दिली. ती चित्रं नंतर पुसून टाकली. मधल्या दालनातली चित्रं बघायला दुर्बीण न्या.

आगीतून वाचलेल्या वस्तूंत १३३७ चं ब्राँझचं बाप्तिस्मा-कुंड आणि १५१८ ची अँटवर्पची वेदी चुकवू नका. खगोलीय घड्याळ मात्र युद्धानंतरचं आहे. बाहुल्यांची मिरवणूक दुपारी बाराला निघते, पाच मिनिटं आधी जागा धरा. बाहेर गर्दी असते ती ब्राँझच्या सैतानाभोवती. दारूचा गुत्ता बांधतोय असं सांगून लोकांनी त्याला चर्चच्या बांधकामावर राबवून घेतल्याची दंतकथा झकास आहे, पण पुतळा १९९९ चा.

संगीतकार बुक्स्टेहुडं इथे १६६८ ते १७०७ ऑर्गनवादक होता. त्याला ऐकायला १७०५ मध्ये तरुण संगीतकार बाख आर्नश्टाट गावाहून सुमारे ४०० किलोमीटर चालत आला. पण बुक्स्टेहुडंने वाजवलेले दोन्ही ऑर्गन १९४२ ला जळाले. आताचा मोठा ऑर्गन १९६८ चा आहे. दणदणीत आहे, पण तो काळ त्यात शोधू नका. जुना नाद हवा असेल तर उत्तरेला याकोबीकिर्खेत श्टेलवागेन या कारागिराचा छोटा ऑर्गन आहे. त्याला १६३७ मध्ये आजचं रूप मिळालं आणि तो युद्धातून वाचला. कार्यक्रमाची वेळ बघूनच जा, आणि रविवारी सकाळी दोन्हीकडे उपासना असते, तेव्हा फिरता येत नाही.