विज्ञान प्रदर्शनासाठी मॉडेल: डीएसपी करायचं की ओको?

क्षेपणास्त्र सुटल्याबरोबर खबर देणाऱ्या उपग्रहाचं मॉडेल करायचं म्हटलं की मुलं सगळ्यात नवं काय ते शोधून आणतात. बहुतेक वेळा अमेरिकेचा सिबर्स. 2011 ते 2022 या काळात त्याचे सहा उपग्रह भूस्थिर कक्षेत गेले. चित्र झकास दिसतं, पण टेबलावर तो नुसता उभा राहतो. नागपुरातल्या शाळेच्या प्रदर्शनात परीक्षक एका टेबलापाशी थांबतात तरी किती वेळ? त्यामुळे खरी निवड दोन जुन्यांमध्येच आहे: अमेरिकेचा डीएसपी (डिफेन्स सपोर्ट प्रोग्रॅम) आणि सोव्हिएत संघाचा ओको.

काम दोघांचं एकच. रॉकेट पेटलं की तापलेली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यांचे अवरक्त किरण वरून टिपायचे. जमिनीवरच्या रडारला क्षितिजापलीकडचं दिसत नाही, क्षेपणास्त्र बरंच वर चढून आल्यावरच त्याला पत्ता लागतो. उपग्रहाला तो आधी लागतो. अडचण असते ती मागच्या पार्श्वभूमीची. जमीन तापलेली, ढग उन्हात चमकणारे. त्यातून ज्वाळा वेगळी कशी काढायची?

डीएसपी बसतो भूस्थिर कक्षेत, सुमारे 35,786 किलोमीटरवर. आपल्या गच्चीवरच्या डिशचं तोंड असतं त्याच पट्ट्यात. तिथून तो खाली बघतो, तेही सुमारे 2.7 मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त किरणांत. या तरंगलांबीचे जमिनीवरून निघालेले किरण हवेतली वाफच गिळून टाकते, म्हणून खालचं चित्र बऱ्यापैकी काळं पडतं आणि त्या वाफेच्या वर चढलेली ज्वाळा उठून दिसते. शिवाय तो स्वतःभोवती फिरत राहतो, मिनिटाला सहा फेऱ्या. दुर्बीण अक्षापासून जराशी तिरपी, त्यामुळे दर दहा सेकंदांनी समोरचा सगळा भाग एकदा नजरेखालून जातो. 1970 ते 2007 या काळात असे 23 सोडले गेले. बांधले होते मोठ्या आंतरखंडीय क्षेपणास्त्रांसाठी, पण 1991 च्या आखाती युद्धात इराकची लहान स्कडही त्यांनी पकडली.

मॉडेल म्हणून हा सोपा. बर्डीच्या बाजारातून 10 आरपीएमची, म्हणजे मिनिटाला दहा फेऱ्यांची, गिअर मोटर आणा, व्होल्ट थोडे उतरवा, वर पुठ्ठ्याचं नळकांडं आणि टोकाला तिरपी दुर्बीण. सहावी-सातवीच्या पोरांनाही जमेल.

ओकोची चाल वेगळी. त्याची कक्षा लांबुळकी, मोल्निया प्रकारची. साधारण बारा तासांची फेरी आणि वरचं टोक 39,000 किलोमीटरच्या आसपास. तिथून तो अमेरिकेच्या तळांकडे पृथ्वीच्या कडेवरून, तिरक्या नजरेनं बघायचा. ज्वाळा वर आली की तिच्यामागे काळंभोर अंतराळ. पार्श्वभूमीची कटकटच नको! पण असा उपग्रह एका जागी टिकत नाही, पाळीपाळीनं पहारा द्यायला बरेच लागतात. पूर्ण साखळी नऊची होती.

आणि त्याच तिरक्या नजरेनं घात केला. 26 सप्टेंबर 1983 च्या रात्री मॉस्कोजवळच्या सेर्पुखोव्ह-15 मध्ये भोंगा वाजला: आधी एक क्षेपणास्त्र, मग आणखी चार. ड्यूटीवर होते लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह. युद्ध सुरू करणारा देश पाचच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल, असा विचार त्यांनी केला. जमिनीवरच्या रडारवरही काही नव्हतं. त्यांनी इशारा खोटा असल्याचं कळवलं. उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन उपग्रहानं ज्वाळा म्हणून घेतलं होतं.

माझं मत ओकोला. मेहनत जास्त आहे, कक्षा तारेनं वाकवताना वैताग येतो, पण डीएसपीबद्दल परीक्षक दोन प्रश्न विचारून पुढे जातील. ओकोपाशी ते थांबतील. मुलं सहावी-सातवीची असतील आणि हाताशी एकच रविवार असेल, तर मात्र बिनधास्त डीएसपी करा. हजारेक किलोमीटरवरून फिरणाऱ्या नव्या उपग्रहांच्या ताफ्याच्या नादी लागू नका, टेबलावर तो मावत नाही.

ओको घेतलात तर कक्षेसाठी तार, काळ्या कागदाचा पडदा, मेणबत्ती आणि बझर जोडलेला फ्लेम सेन्सर एवढ्यावर भागतं. मेणबत्ती पेटवली की बझर वाजतो. मग ती विझवून आरशाच्या तुकड्यानं सेन्सरवर ऊन पाडा, बझर पुन्हा वाजेल. एलईडी ट्यूबच्या उजेडात हे जमत नाही, म्हणून खिडकीजवळचं टेबल आयोजकांकडून आधीच मागून घ्या.