पेडल रिपेअर, ठाणे पश्चिम: हात चांगला, घाई असेल तर जाऊ नका

चुकीच्या अडॅप्टरने गप्प झालेलं गिटार पेडल (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची पेटी) इथे आधी उघडून तपासतात, मग पैसे सांगतात. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी लागतं, मधली पिन निगेटिव्ह. राउटरचा अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा, मधे पॉझिटिव्ह. प्लग मात्र खुशाल बसतो! अशा वेळी सप्लायला समांतर लावलेला १एन४००१ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) स्वतः शॉर्ट होतो नि सर्किट वाचवतो. त्याचा एक पाय सोडवून मल्टिमीटर लावतात. दोन्ही बाजूंनी बीप आला की डायोड गेला. भाग काही रुपयांचा, खरी मजुरी सर्किट बोर्डावरची जळलेली तांब्याची पट्टी (ट्रॅक) जोडण्याची. काही पेडलमधली व्होल्टेज बदलणारी मॅक्स१०४४ चिप मात्र १२ व्होल्टवर सहसा वाचत नाही, तीच बदलावी लागते. जुना भाग मागून घ्या, आपणहून देत नाहीत.