ग्लेझ भाजून देतो म्हणाला आणि व्हार्निश मारून दिलं

कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला या बाजूला कोणी "तुमची सिरॅमिकची भांडी द्या, ग्लेझ करून भट्टीत भाजून देतो, फूड-सेफची गॅरंटी" असं सांगत असेल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा, कारण माझे साडेचार हजार गेलेत, ओळखीतल्या दोघीजणींचेपण गेलेत आणि त्यातल्या एकीने तर ते वाडगे होमस्टेवाल्यांना विकलेसुद्धा होते.

आमच्याकडे हा छंद असणाऱ्यांची मुख्य अडचण म्हणजे भट्टी. इलेक्ट्रिक किल्न घरी ठेवणं परवडत नाही, त्यात पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून आम्ही बिस्क मागवतो, म्हणजे एकदा भाजलेली कोरी भांडी, त्यावर अंडरग्लेझने, म्हणजे ग्लेझखाली द्यायच्या रंगाने, मासे, माड, होड्या काय हवं ते रंगवायचं, वरून पारदर्शक ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) द्यायचं आणि मग परत भाजायचं. ती दुसरी भाजणी हा माणूस करून देणार होता, शिवाय रंग आणि ग्लेझपण त्याचंच. कोल्हापूरला स्वतःचं किल्न आहे म्हणाला, मोबाईलवर फोटो दाखवले, आणि एका नामांकित कंपनीच्या ग्लेझचं फूड-सेफ सर्टिफिकेटपण दाखवलं.

भांडी परत आली ती अशी चकाचक की बघत राहावं. जाऊबाईंनी दोन वाडगे नेले, त्यात सोलकढी काढून फ्रीजमध्ये ठेवली, आणि सकाळी फोन, "अगो, तुझो मासो सोलकढीत पोवाक लागलो!" आधी मला वाटलं मस्करी करतायत. जाऊन बघते तर निळ्या रंगाचा पापुद्रा खरोखर वर तरंगत होता, आणि आतली चमक पांढरट, चिकट झालेली. नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा घासला तर बोळा निळा आणि खालून कोरं बिस्क. म्हणजे भट्टीबिट्टी काही नाही, सरळ अ‍ॅक्रिलिक रंग आणि वर व्हार्निश!

मग बाकीची भांडी उलटी करून बघितली. ग्लेझ म्हणजे शेवटी काच, भट्टीत ती वितळते, त्यामुळे बुडाला ग्लेझ ठेवलं तर भांडं शेल्फला चिकटून बसतं. म्हणून बूड तरी पुसून कोरं ठेवतात नाहीतर स्टिल्टवर, म्हणजे टोकदार तिवईवर, उभं करतात आणि मग तीन बारीक ठिपके राहतात. माझ्या भांड्यांना बूडसुद्धा गुळगुळीत चकचकीत, ठिपका नावाला नाही. हवेत तरंगत भाजली वाटतं यांनी!

दुसरं म्हणजे वेळ. आदल्या दिवशी दुपारी दिलेली भांडी दुसऱ्या दिवशी सकाळी कुडाळला हातात. बिस्कवरचं साधं लो-फायर, म्हणजे कमी तापमानाचं, ग्लेझ म्हटलं तरी हजार-साडेदहाशे डिग्रीपर्यंत न्यायचं, स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची टणक भांडी) असेल तर १२२० च्या वर, चढायलाच आठ-दहा तास जातात आणि थंड व्हायला तेवढेच किंवा जास्त, गरम किल्न उघडलं तर ग्लेझला तडे जातात. त्यात कोल्हापूरला जाणं-येणं धरा घाटातून. हिशोब बसतच नाही.

आणि रंग. त्याने दिलेल्या बाटलीतला निळा ओला असताना जसा होता अगदी तस्साच भांड्यावर आला. खऱ्या ग्लेझचं सहसा असं होत नाही, ओलं असताना बऱ्याचदा फिकट गुलाबी नाहीतर राखाडी दिसतं आणि भाजल्यावर निळं निघतं, कोबाल्ट ऑक्साइड तर कच्चं काळंच असतं. म्हणून तर लोक टेस्ट टाइल, म्हणजे ग्लेझ लावलेला नमुन्याचा तुकडा, भाजून ठेवतात. याच्याकडे टेस्ट टाइल मागितली तर "पुढच्या खेपेला आणतो".

अ‍ॅक्रिलिक वाईट असतं असं माझं म्हणणं नाही हां, शोपीसला, भिंतीवरच्या प्लेटला खुशाल वापरा. पण जेवायच्या भांड्यात ते विकणं ही शुद्ध लबाडी आहे. आणि ते सर्टिफिकेट बरणीतल्या ग्लेझचं असतं, तेही सांगितलेल्या तापमानाला भाजलं तरच लागू, तुमच्या वाडग्याचं नव्हे.

खरं भाजलेलं ग्लेझ असलं तरी कोकम, चिंच, लोणचं ठेवणार असाल तर आधी चोवीस तास व्हिनेगर भरून ठेवा. रंग किंवा चमक बदलली तर ते भांडं खाण्यासाठी बाद. नाही बदलली म्हणून ग्लेझमधून शिसं उतरत नाही असं मात्र धरू नका, शिसं डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी लॅबच लागते. विकणाऱ्यांनी तरी ती टेस्ट करावीच. मैत्रिणीने होमस्टेवाल्यांचे सगळे वाडगे परत घेतले, पैसे स्वतःच्या खिशातून दिले.

त्याला फोन केला तर म्हणतो, "मॅडम, हँडमेड वस्तूत थोडंफार होतंच," आणि मग ब्लॉक. यूपीआयचे स्क्रीनशॉट, चॅटमधलं "किल्न फायर्ड, फूड-सेफ" हे त्याचंच वाक्य आणि बुडाचे फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनकडे (फोन १९१५) तक्रार टाकलीय. तुमचीपण भांडी त्याच्याकडून आली असतील तर चॅट डिलीट करू नका, आणि बुडाचे फोटो रिमूव्हर लावायच्या आधीच काढा.