लहान मापाचे टिग वेल्डिंग हातमोजे

माझी मुलगी वेल्डिंग शिकते आहे. कार्यशाळेतले मोजे मोठ्या पुरुषी पंजाच्या मापाचे. बोटांची टोकं रिकामी लोंबायची, टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या टोकाच्या विजेच्या ठिणगीने धातू वितळवून जोडणं) करताना फिलर रॉड, म्हणजे जोडात वितळवायची बारीक सळई, बोटांनी पुढे सरकवताच यायचा नाही. "मुलींना हे जमत नाही," असं ऐकून ती खूप खचली होती. दोष तिच्या हातात नव्हताच, मोज्याच्या मापात होता! हे मोजे शेळीच्या मऊ कातड्याचे, केव्हलारच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या धाग्याच्या, शिवणीचे. रॉड बोटांना नीट जाणवतो आणि तिचा वेल्डिंगचा टाका आता सरळ, एकसारखा पडतो. स्टिक वेल्डिंगला (लेप दिलेल्या कांडीने करायच्या, जास्त ठिणग्या उडवणाऱ्या) मात्र पातळ पडतात. तिथे जाड चामड्याचेच घ्या. हेल्मेटचा पट्टाही कुणी असाच लहान मापात काढला, तर लगेच घेईन.