जळगावात लेझरने कापून घेतलेले मिनिएचरचे बेस

नेमप्लेट आणि ट्रॉफी करणाऱ्या एका दुकानातून ३ मिमी एमडीएफचे (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचे) बेस, म्हणजे टेबलावरच्या खेळातल्या छोट्या पुतळ्यांखालच्या चकत्या, कापून घेतले. माझी मिनिएचर, म्हणजे हे पुतळे, घरच्याच रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर निघतात, २८ मिमी स्केलची (उभा माणूस साधारण तेवढा उंच): भिल्ल तिरंदाज, मराठा घोडेस्वार, थोडे ऑर्क (काल्पनिक कथांतले राक्षस). त्यांना तयार प्लास्टिक बेसपेक्षा हे कितीतरी बरे, आणि ते फक्त स्वस्त पडतात म्हणून नाही.

खरा फायदा मापाचा. डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन खेळायच्या खेळाच्या पटावर चौकोन एक इंचाचा, त्यामुळे माणसाएवढ्या पात्राला २५ मिमीचा गोल पुरतो. वॉरहॅमर या युद्धखेळातले स्पेस मरीन सैनिक आता ३२ वर उभे असतात. पण धनुष्य ताणून पाय फाकवलेला माझा तिरंदाज २५ वर ठेवला की पंजा बाहेर येतो. त्याला २८ चा कापून घेतला. घोड्यांना ६० बाय ३५ चा लंबगोल.

दुकानातले दादा जाणकार. फाइल पाहून म्हणाले, "भाऊ, चुंबकाचं भोक पुरतं ५ चं नका ठेवू, लेझर थोडं जाळतो, ढिलं होईल." ४.९ ठेवलं. ५ मिमीचा निओडिमियम चुंबक अंगठ्याने दाबला की गच्च बसतो. ने-आण करताना पुतळे चुंबकाने जागेवर धरून राहावेत म्हणून डब्याच्या तळाशी जीआय पत्रा लावा. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच स्टीलच्या डब्यांना चुंबक चिकटतच नाही.

कडा जळून काळपट येतात, हात काळे होतात. पॉलिश पेपर मारावाच लागतो. आणि एमडीएफचं पाण्याशी वैर: पातळ फेविकॉल एकाच बाजूला लावलं की चकती वाकते. आधी दोन्ही बाजूंना स्प्रे प्रायमर मारा, मगच तापीची चाळलेली वाळू चिकटवा. काळी माती फेविकॉलमध्ये कालवून थापली तर वाळताना तिला भेगा पडतात, मे महिन्यातलं आपलं शेत हुबेहूब! यासाठी विकतचा कुठलाच टेक्श्चर पेस्ट मला नको.

पीएलएचे (थ्रीडी प्रिंटरमधलं एक प्लास्टिक) प्रिंट केलेले बेस आपल्याकडे टाळा. ते साठेक अंशाला मऊ पडतात, आणि उन्हाळ्यात उन्हात उभी बंद गाडी आतून तेवढी तापते. त्याच दुकानात पारदर्शक ॲक्रिलिकही कापून मिळतं. खालचा नकाशा दिसायला हवा असेल तर छान, पण फेविक्विकच्या वाफेने त्यावर पांढरट डाग धरतात.

हत्तीसाठी १०० मिमीचा बेस सांगून आलोय, त्याला मात्र ५ मिमी जाडीची शीट.