वाफसा आल्यावरच खेळ: जिल्ह्याच्या फुटबॉल मैदानाचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनपासून मी आणि माझी मुलगी मराठवाड्यातील आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या फुटबॉल मैदानावर आठवड्यातून पाच दिवस जात आहोत. ती शाळेच्या संघातून खेळते आणि मी सकाळी चाळिशी उलटलेल्या मंडळींत. मासिक शुल्क २०० रुपये असून त्याबद्दल माझी तक्रार नाही.

या मैदानाचे खरे दुखणे जमिनीखाली आहे. कडेची चारी खोदली गेली तेव्हा वरचा मुरूम जेमतेम वीतभर आणि त्याखाली थेट काळी रेगूर माती असल्याचे दिसले. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते, हे आपल्याकडे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मात्र मैदान आखताना खडी आणि वाळूचे थर देऊन पाण्याला खालून वाट करून द्यायचे राहून गेले. परिणामी जुलैत एका मोठ्या सरीनंतर तीन-तीन दिवस खेळ बंद राहिला, आणि पेरणीसाठी पाहावी तशी वाफशाची, म्हणजे चिखल ओसरून माती नुसती ओलसर उरण्याची, वाट पाहत आम्ही कट्ट्यावर बसून राहिलो. घाईने उतरलेल्या मुलांच्या बुटांना किलो-किलोभर चिखल चिकटे. जानेवारीत नेमके उलटे झाले: पेनल्टी क्षेत्रात बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि चेंडू कुठल्या बाजूला उसळेल याचा भरवसा उरला नाही.

मापांबद्दल समाधान आहे. फितीने मोजले तेव्हा लांबी १०० आणि रुंदी ६४ मीटर भरली. १०५ बाय ६८ हे पसंतीचे माप नसले तरी नियमांत ते बसते. गोलखांबांमधील अंतर ७.३२ मीटर बरोबर आहे, परंतु गोलरक्षकांच्या पायांनी समोरची माती खचल्यामुळे आडवी दांडी २.४४ ऐवजी जवळजवळ अडीच मीटर उंच झाली आहे, आणि उंचीने कमी असलेल्या मुलींना तेवढा फरकही भोवतो.

प्रेक्षागृह देखणे आहे, पण ते पूर्वेच्या बाजूला बांधल्याने संध्याकाळच्या सामन्यात ऊन थेट डोळ्यांवर येते. शिवाय मैदानाभोवती ४०० मीटरची धावपट्टी असल्याने प्रेक्षक खेळापासून बरेच दूर पडतात. दिवे आहेत, ते लागलेले मी दोनदाच पाहिले.

मुलींच्या कपडे बदलण्याच्या खोलीबाबत मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. खोली बांधलेली आहे, आतून कडीही आहे, पण किल्ली रखवालदाराकडेच असे आणि तो दुपारी जेवायला गेला की मुलींना घरूनच तयार होऊन यावे लागे. पालकांनी एकत्र अर्ज दिल्यावर दुसरी किल्ली प्रशिक्षकांकडे ठेवण्यात आली, आणि त्यानंतर मुलींची उपस्थिती वाढलेली मी स्वतः पाहिली.

पाण्याविषयी तक्रार करताना जीभ थोडी अडखळते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, तेव्हा हिरवळीसाठी रोज टँकर मागणे मनाला पटत नाही. फेब्रुवारीपासून गवत पिवळे पडत चालले आहे, ते दर दोन दिवसांनी शिंपडले जाते, आणि ऊन चढण्याआधी म्हणून आम्ही सकाळी साडेसातच्या आत खेळ आटोपतो. नव्याने येणाऱ्यांनी पावसाळ्यासाठी लांब स्टडचे (तळव्याखालच्या खुंट्यांचे) बूट घ्यावेत, जानेवारीनंतर आखूड स्टडचे, आणि पिण्याचे पाणी घरूनच आणावे.