मेंदूविज्ञानाची ओढ: आधी सेवा की आधी संशोधन?

अकरावीच्या विद्यार्थ्याने संशोधनापासून सुरुवात करायची ठरवली, तर 2012 मध्ये सुरू झालेल्या आयवायरसारखे, सामान्य लोकांना चेतापेशींचे नकाशे तयार करायला घेणारे ऑनलाइन प्रकल्प घरबसल्या वाट देतात. उंदराच्या दृष्टिपटलाच्या सूक्ष्म चित्रांत एकेका चेतापेशीच्या फांद्यांचा माग काढत त्या रंगवताना नजर तयार होते आणि चिकाटीही अंगी बाणते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या सेवेत असे मोजण्याजोगे काही हाती लागत नाही. तरीही माझा कौल सेवेलाच आहे, कारण नुकताच घेतलेला चहा विसरलेल्या आजी जेव्हा लहानपणची ओवी न अडखळता म्हणतात, तेव्हा अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पसला, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागाला, सुरुवातीच्या काळातच इजा होते, हे पुस्तकातले वाक्य जिवंत प्रश्न होऊन समोर उभे राहते. मात्र सेवा करताना रुग्णांची नावे किंवा खासगी तपशील आपल्या वहीत कधीही उतरवू नयेत.